जननीच्या आधीची जिजाऊ

मराठी दूरचित्रवाणीवरच्या लक्षात राहिलेल्या आयांची यादी करायला बसले, की दोन नावे हमखास वर येतात. एक 'आई कुठे काय करते!' मधली अरुंधती, दुसरी जिजाऊ. एक आजच्या घरातली, दुसरी इतिहासातली. तरी दोघींचा विचार एकत्र करावा असे मला वाटते. पहिल्या मालिकेचे नाव म्हणजे घरच्यांच्या तोंडचे वाक्य आहे. 'स्वराज्यजननी जिजामाता' ही समाजाने दिलेली पदवी आहे. एकात हेटाळणी, दुसऱ्यात वंदन. पण दोन्हींत बाईची ओळख ठरते ती नात्यावरूनच.

अरुंधतीची मालिका मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली. डिसेंबर २०१९ पासून जवळपास पाच वर्षे ती चालली. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती नवऱ्यापासून वेगळी होते, गाण्याकडे वळते आणि मालिकेच्या नावातला टोमणा हळूहळू खोटा पाडते. आईपणाच्या बाहेरही एक माणूस असतो, हे तिला सिद्ध करावे लागले. जिजाऊंच्या बाबतीत हे सिद्ध करण्याची गरजच कुणाला वाटली नाही, कारण तिथे आईपण हाच गौरव.

२००८ मध्ये सुरू झालेल्या 'राजा शिवछत्रपती'त मृणाल कुलकर्णी यांची जिजाऊ घडवणारी आई होती. पुढे चित्रपटांतही त्यांनी ही भूमिका केली, इतकी की अनेकांना जिजाऊ म्हटले की त्यांचाच चेहरा आठवतो. २०१७ च्या 'स्वराज्यरक्षक संभाजी'त प्रतीक्षा लोणकर यांनी आऊसाहेब उभ्या केल्या. सईबाई १६५९ मध्ये गेल्या तेव्हा संभाजीराजे जेमतेम सव्वादोन वर्षांचे होते. म्हणजे इथे आजीच दुसऱ्यांदा आई झालेली. या दोन्ही मालिकांत कथानायक मुलगा वा नातू. जिजाऊ त्याच्यामागे उभ्या.

२०१९ मध्ये सोनी मराठीवर आलेल्या 'स्वराज्यजननी जिजामाता'ने मात्र सुरुवात सिंदखेडपासून केली. लहान जिजाऊ, वडील लखुजीराव जाधव, आई म्हाळसाबाई, भाऊ, वाडा. आमच्या बुलढाणा जिल्ह्यातले एक गाव रोज संध्याकाळी घराघरांत बोलले जाऊ लागले. माझ्या मते या मालिकेचे मोल इथे आहे, तिच्या नावात नाही.

थोडा हिशेब मांडू. जिजाऊंचा जन्म १२ जानेवारी १५९८ चा मानला जातो, मृत्यू १७ जून १६७४ चा, पाचाडला. शिवरायांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. शहात्तर वर्षांच्या आयुष्यातली बत्तीस वर्षे त्याआधीची. या बत्तीस वर्षांत काय घडले? खंडागळ्यांचा हत्ती बिथरल्याच्या निमित्ताने जाधव आणि भोसले समोरासमोर आले. त्यात जिजाऊंचा भाऊ दत्ताजी गेला आणि भोसल्यांकडचा संभाजी, शहाजीराजांचा चुलतभाऊ, हाही गेला. माहेरी सुतक, सासरीही सुतक, आणि दोन्हीकडचे हात रक्ताने माखलेले. रोजच्या मालिका सासर-माहेरच्या भांडणावर वर्षानुवर्षे चालतात. पण ते भांडण असते किल्ल्यांच्या जुडग्यापुरते. इथे तेच भांडण तलवारीने झाले होते.

पुढे जुलै १६२९ मध्ये निजामशहाने दौलताबादच्या दरबारात बोलावून लखुजीरावांना मारले. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे मुलगे व नातू यशवंतराव हेही मारले गेले. 'शिवभारता'त परमानंदाने हे सांगितले आहे. शिवजन्म याच्यानंतर सात महिन्यांच्या आत. म्हणजे वडील, भाऊ आणि भाचा एकाच दिवशी गेले तेव्हा जिजाऊ गर्भवती होत्या. लखुजीरावांच्या पत्नीचे नाव काही ठिकाणी म्हाळसाबाई, काही ठिकाणी गिरिजाबाई असे मिळते. एका दिवसात नवरा, मुलगे आणि नातू गमावलेली ही आई. तिच्यावर मालिका कोण करणार?

ऐतिहासिक मालिकांची एक रीत आहे. बाईचे दुःख आले, की पुढच्याच प्रसंगात त्याचा संकल्प होतो आणि पार्श्वसंगीत चढते. संकल्प खराच, पण दुःखाला स्वतःचा वेळ मिळत नाही. मुलगी म्हणून जिजाऊ रडल्या असतील, सासरी कुणापाशी मन मोकळे करावे हे त्यांना उमगले नसेल. या जागा रोजच्या मालिकेला सहज पेलतात, कारण तिच्यापाशी वेळच वेळ असतो. चित्रपटाला ती चैन परवडत नाही.

हे केवळ कलेचे गाऱ्हाणे नाही. सिंदखेड राजाला दर १२ जानेवारीला लोटणारी गर्दी मी अनेक वर्षे पाहतो आहे. जन्मस्थळाच्या वाड्यापाशी पाय ठेवायला जागा नसते. लखुजीरावांच्या भव्य समाधीपाशी त्या मानाने माणसे तुरळक. जननीचा जयघोष आहे, लेकीची आठवण कमी. आणि याच बुलढाणा जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८५५ मुली होत्या. राज्याचा आकडा ८९४. मालिकेमुळे हा आकडा घडला वा बदलेल असे मी म्हणत नाही. पण मुलाला घडवणारी म्हणूनच बाई थोर, असे पडद्यावरून आणि व्यासपीठावरून सांगत राहिलो, तर मुलगी हवी कशाला, याचे उत्तर त्यात येत नाही.

म्हणून मला त्या मालिकेतले सुरुवातीचे भाग मोलाचे वाटतात. तिथे जिजाऊ अजून कुणाची आई नाही. लखुजीरावांच्या वाड्यात ती लेक आहे, आणि घराला ती हवी आहे.