पुसले जाणारे चित्र : नलिनी मलानी यांची स्मृतिसंकल्पना

नलिनी मलानी यांच्या कलेचा प्रवास 'परंपरेकडून तंत्रज्ञानाकडे' झाला, असे मांडण्याची रीत रूढ आहे. ती सोयीची असली तरी कालक्रमावर टिकत नाही. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना, १९६९ मध्येच, अकबर पदमसी यांच्या कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हाताळला होता. पारदर्शक पृष्ठावर मागून रंगविण्याचे जुने तंत्र त्यांनी आत्मसात केले ते पुष्कळ नंतर, भूपेन खक्कर यांच्याकडून. या तंत्रात पाहणाऱ्याला सर्वांत वर दिसणारी रेघ चित्रकाराने सर्वांत आधी काढलेली असते. पार्श्वभूमी शेवटी येते. पहिली रेघ नंतरच्या रंगाने झाकता येत नाही.

याच्या नेमके उलट १९९२ मध्ये घडले. मुंबईच्या केमोल्ड कलादालनाच्या भिंतींवर त्यांनी 'सिटी ऑफ डिझायर्स' रेखाटले आणि प्रदर्शनाअखेर ते पुसले गेले. नाथद्वाऱ्याच्या उपेक्षित भित्तिचित्रांचा संदर्भ त्यामागे होता. स्मृती म्हणजे साठा नव्हे, ती नाहीशी होण्याची क्रिया आहे, ही त्यांची धारणा येथे प्रथम स्पष्ट होते.

मलानींचा जन्म कराचीचा, १९४६ चा. फाळणी ही त्यांची अनुभवलेली नव्हे, वारशाने आलेली स्मृती होय. पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, १९९८ मध्येच, मंटोच्या कथेच्या आधाराने त्यांनी 'रिमेंबरिंग टोबा टेकसिंग' रचले. त्यात समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया एकच साडी घडी करू पाहतात. मधल्या भिंतीवर अणुस्फोट, जमिनीवर निर्वासितांच्या पत्र्याच्या पेट्या व त्यांत दूरचित्रवाणीचे पडदे. घडी पडत नाही. अंतर हे येथे केवळ आशय नाही, तेच रचनातत्त्व आहे. या कलाकृतीचे बळ त्यातच आहे.

'कॅन यू हिअर मी?' (२०१८–२०) मध्ये हे तत्त्व सैल होते. कठुआ येथे २०१८ मध्ये आठ वर्षांच्या मुलीवर झालेला अत्याचार व तिचा खून हे तिचे निमित्त. टॅब्लेटवर बोटाने काढलेली ८८ चलच्चित्रे नऊ प्रक्षेपकांतून एकमेकांवर आदळतात. हाताची रेघ कायम आहे, पुसणेही आहे. पण यंत्रातले पुसलेले चित्र पुढल्या आवर्तनात जसेच्या तसे परत येते. केमोल्डच्या भिंतीवर ते परत येणार नव्हते. शिवाय साहित्यातील उद्धृतांचा एवढा कोलाहल उसळतो की, शीर्षकातला प्रश्न जिच्या वतीने विचारला गेला, त्या मुलीचाच आवाज त्यात शोधावा लागतो.