वृंदगान आणि वास्तू

भारतातील एखादा गायकवृंद युरोपातील पुरातन चर्चमधून कार्यक्रम करून परतला, की आपल्याकडील वृत्तान्तांत वास्तूची भव्यता आणि श्रोत्यांच्या टाळ्या यांचेच वर्णन आढळते. गाण्याची चिकित्सा क्वचितच होते. वस्तुतः अशा दौऱ्याची कसोटी तेथेच आहे. पुरातन चर्च ही गाण्यामागील शोभेची पार्श्वभूमी नव्हे. ती गायकांची साथ करणारी, आणि प्रसंगी त्यांचा घात करणारी, वास्तू आहे.

उंच दगडी घुमटाखाली उच्चारलेला स्वर काही क्षण विरत नाही. त्यामुळे निरनिराळ्या पट्ट्यांतील कंठ संथपणे एकमेकांत मिसळले, तर स्वरांची गुंफण अधिकच भरून येते. द्रुत तान किंवा शब्दांची गर्दी मात्र गढूळ होते. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्ये गायकांचे वेगवेगळे समूह परस्परांना उत्तर देत गात. जोव्हानी गाब्रिएलीच्या रचनांत त्या वास्तूचाच प्रतिध्वनी गोठलेला आहे. आपले भजन नेमके याच्या उलट वळणाचे. एकच चाल, ठसठशीत ताल आणि शब्दांचा स्पष्ट उच्चार हे त्याचे प्राण. ते जसेच्या तसे घुमटाखाली नेले, तर मृदंगाचा एक बोल दुसऱ्यावर आदळेल.

अशा वेळी आपल्या वृंदांपुढे दोन सोपे मार्ग असतात. युरोपची रचना युरोपला निर्दोषपणे ऐकवावयाची, हा पहिला. आणि कार्यक्रमाच्या शेवटी एखादे लोकगीत आभूषणासारखे अडकवावयाचे, हा दुसरा. पहिल्यात निदान साधना असते. दुसऱ्यात केवळ वेषांतर असते.

तिसरा मार्ग कठीण खरा, पण अशक्य नाही. मुंबईच्या व्हिक्टर परांजोती यांनी तो दाखविला. त्यांच्या एका प्रसिद्ध रचनेचे नावच ‘द्रविडियन डिथिरॅम्ब’. डिथिरॅम्ब म्हणजे प्राचीन ग्रीकांचे डायोनिससच्या स्तुतीचे समूहगान. दक्षिणेचे गायन आणि ग्रीसचे वृंदगान या नावात शेजारी बसले आहेत, आणि ही रचना आज परदेशी वृंदही आवडीने गातात. १९६७ साली परांजोती निवर्तले. त्यानंतर कूमी वाडिया यांनी त्यांच्या वृंदाची धुरा अनेक दशके वाहिली. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. या वृंदाने युरोपचे दौरेही केले. पण तेथील श्रोत्याला जे त्याच्या घरी मिळत नाही, असे काही आपण याच रचनेत दिले, हे अधिक मोलाचे.

मराठीला हा व्यवहार नवा नाही. इंग्लंडात जन्मलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात येऊन ‘ख्रिस्तपुराण’ रचिले. १६१६ साली ते छापले गेले. ख्रिस्ताची कथा सांगताना त्याने युरोपचे वृत्त येथे आणले नाही. इथली ओवी स्वीकारली. पाहुण्याने यजमानाच्या भाषेत बोलावे, एवढेच नव्हे, तर त्याच्या छंदात श्वास घ्यावा, ही त्याची जाण होती. तीच दृष्टी बाहेर जाणाऱ्या गायकाला हवी.

आपण मल्लेश्वरमचे रहिवासी ही गोष्ट सहज समजू शकतो. येथील काडु मल्लेश्वराच्या देवळाशी परंपरा व्यंकोजीराजांचे नाव जोडते. ज्या तंजावरला त्यांनी मराठी राज्य स्थापिले, तेथे मराठी अभंग आणि कीर्तन तमिळ प्रदेशाच्या भजनात असे मिसळले, की मराठी न जाणणारा गायकही ते आपले म्हणून गातो. तेथे अभंग मुक्कामाला राहिला, शेजाऱ्याचा सूर त्याने ऐकला, आणि स्वत्व न सोडता आपले वळण बदलले.

दौऱ्याला एवढा अवकाश नसतो, हे मान्य. म्हणूनच गायकांनी निघण्यापूर्वीच त्या वास्तूसाठी आपल्या भाषेत, आपल्या रागांवर, संथ आणि बहुकंठी रचना तयार केल्या पाहिजेत. मराठी वृंदगानाचे खरे दैन्य आहे ते येथे: कंठ आहेत, ओवी आणि अभंग आहेत, परंतु त्यांना घुमटाखाली उभे करणारे रचनाकार विरळ आहेत. ते निर्माण होईपर्यंत आपले दौरे टाळ्या घेऊन परततील. मागे सूर ठेवून येणार नाहीत.