रोस्सानो येथील जांभळी पोथी : कांहीं अनुमानांचें परीक्षण

इटलीच्या दक्षिणेस कालाब्रिया प्रांतांत, आयोनियन समुद्रापासून जवळच एका टेंकडीवर रोस्सानो हें जुनें गांव आहे. इ. स. २०१८ मध्यें शेजारचें कोरिल्यानो व हें गांव मिळून एक नगर झालें. ज्येष्ठमधाचा अर्क काढण्याचा येथील कारखाना इ. स. १७३१ पासून एकाच घराण्याकडे चालत आला आहे. मुख्य ख्रिस्ती देवालयांतील मेरीचें चित्र मनुष्याच्या हातचें नव्हे, आपल्या भाषेंत स्वयंभू, अशी लोकांची श्रद्धा आहे. याच देवालयांत मत्तय व मार्क यांच्या शुभवर्तमानांची सहाव्या शतकांतील ग्रीक पोथी होती. चर्मपत्र जांभळें, अक्षर रुपेरी, आरंभींच्या ओळी सोन्याच्या. पत्रें १८८ उरलीं आहेत.

हार्नाक व गेबहार्ट या जर्मन पंडितांनीं इ. स. १८७९ मध्यें ही पोथी ‘शोधून काढली’ असें सर्वत्र लिहितात. ती विद्वानांपुढें आणल्याचें श्रेय त्यांचें, यांत संशय नाहीं. परंतु जी वस्तु देवालयाच्या लोकांनीं सांभाळून ठेविली होती, ती हरवली होती केव्हां? मात्र प्राप्तिस्थान तेंच लेखनस्थान असेंही म्हणतां येत नाहीं; बहुतेक पंडितांची दृष्टि पूर्वेकडे, सिरियाकडे किंवा कॉन्स्टँटिनोपलकडे वळते.

दुसरें अनुमान रंगाचें. जांभळा म्हणजे समुद्रांतील शंखांपासून काढलेला राजरंग, म्हणून पोथी राजाश्रयाची, अशी मांडणी होत असे. अलीकडील परीक्षेंत हा रंग दगडफुलाच्या वर्गांतील वस्तूपासून काढलेला ठरला. यावरून पोथी राजाश्रयाची नव्हेच, असें मात्र सिद्ध होत नाहीं, सोनें-रुपें आहेच. केवळ हेतु असिद्ध झाला, साध्य संदिग्ध राहिलें.

आम्हांस खरा रस वाटतो तो चित्रपृष्ठांच्या रचनेंत. कित्येक पृष्ठांवर वर ख्रिस्तचरित्रांतील प्रसंग आणि खालीं दावीदादि प्राचीन प्रवक्त्यांच्या चार अर्धमूर्ति आहेत. प्रत्येकाजवळ स्वतःचें वचन, व हात वरच्या प्रसंगाकडे केलेला. आपल्या त्रिपाठी पोथींत मूळ मध्यें व टीका वरखालीं असते, त्याचें येथें स्मरण होतें. भेद इतकाच कीं आपली टीका मुळाहून अर्वाचीन, आणि येथें टीकेच्या जागीं बसलेले प्राचीन. जुनें वचन नव्या प्रसंगाचें प्रमाण व्हावें, ही चित्रकाराची मीमांसा आहे. या चित्रांस नुसतीं ‘शोभेचीं’ म्हणणाऱ्यांनीं तीं वाचलींच नाहींत.

इ. स. १९१७-१९ मधील ‘दुरुस्ती’नें सचित्र पत्रांचें रूप कायमचें पालटलें, ही गोष्ट संग्राहकांनीं विसरूं नये. आम्हीं तरुणपणीं शांतिपर्वाच्या एका जीर्ण पोथीस खळ लावून पातळ कागद डकविला होता. हेतु रक्षणाचाच होता. शाई फुटली, पुढें खळीस कसर लागली, आणि समासांतील जी टीप आम्हीं उतरून घेण्याचें राहिलें होतें, ती आतां कोणासच वाचतां येत नाहीं.