जुन्या चित्रपटांचीं नवीं वेष्टनें

दीनानाथ दलालांच्या कुंचल्यानें मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठास जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती मिळाल्यापासून आपल्याकडील वाचक ग्रंथाच्या अंतरंगाबरोबर त्याच्या बहिरंगाविषयींहि अधिकारवाणीनें बोलूं लागला. पुढें चित्रपटाची तबकडी घरीं येऊन पुस्तकाशेजारीं उभी राहूं लागली, तेव्हां तिच्या वेष्टनाविषयींहि तसेंच बोललें जाणार हें उघड होतें. डी.व्ही.डी. १९९६ सालीं जपानांत आणि १९९७ सालीं अमेरिकेंत विक्रीस आली. तेव्हांपासून इंग्लंड-अमेरिकेंतील जुन्या चित्रपटांचे संग्राहक डबीवरील चित्र, तिच्या पाठीवरील अक्षरें आणि आंतील पुठ्ठा यांवरून इतक्या तीव्रतेनें भांडत आले आहेत कीं त्रयस्थास हंसूं यावें. आम्हांस मात्र हा वाद हंसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाहीं. साठ-सत्तर वर्षांपूर्वींचा चित्रपट ज्यानें पाहिलेला नाहीं, त्याची त्या चित्रपटाशीं पहिली भेट या वेष्टनावरच होते. आणि ती फसली तर दुसरी भेट सहसा होत नाहीं.

संग्राहकांची सर्वांत मोठी तक्रार मुंडक्यांविषयीं आहे. नायक-नायिकेचे चेहरे छायाचित्रांतून कापून घ्यावयाचे, ते एकमेकांशेजारीं अधांतरीं तरंगत ठेवावयाचे, खालीं एखादें शहर किंवा सूर्यास्त घालावयाचा, आणि सर्वांवरून एका निळसर छटेचा हात फिरवावयाचा, अशी ही रीत आहे. संगणकानें हें काम इतकें सोपें करून टाकलें आहे कीं तें करणाऱ्यानें चित्रपट पाहिलाच असेल अशी खात्री देतां येत नाहीं. कंपन्यांचें म्हणणें असें कीं दुकानांत गिऱ्हाईक दुरून नट ओळखतें आणि ओळख पटली कीं हात पुढें करतें. हें म्हणणें अगदींच टाकाऊ नाहीं. पण तें कोठवर जातें याचें उदाहरण पाहावें. रॉजर कॉर्मन यांच्या 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स' (१९६०) या चित्रपटांत जॅक निकल्सन दंतवैद्याकडे आलेला एक विक्षिप्त रोगी म्हणून कांहीं मिनिटेंच दिसतो. पुढें तो विख्यात झाला, आणि कोणाचाच हक्क न उरलेल्या त्या चित्रपटाच्या स्वस्त प्रतींवर त्याचाच चेहरा ठळकपणें झळकूं लागला. अशा वेष्टनास कुरूप म्हणून सोडून देतां येत नाहीं. तें गिऱ्हाइकाशीं सरळ खोटें बोलतें.

या रोगावर बहुतेक संग्राहक एकच औषध सांगतात, तें म्हणजे मूळ भित्तिपत्रक. चित्रपट प्रथम लागला तेव्हां चित्रगृहाबाहेर जें चित्र होतें तेंच डबीवर छापा, म्हणजे त्या काळाची शोभा त्या काळाच्या कृतीला मिळेल. या मताबद्दल आम्हांस आदर आहे, परंतु तें आम्हांस पूर्णपणें मान्य नाहीं. भित्तिपत्रक हें काळाचें साक्षीदार खरें, पण तेंहि मुळांत जाहिरातच होतें. 'कासाब्लांका'चें (१९४२) प्रसिद्ध भित्तिपत्रक घ्या. तें करणाऱ्या बिल गोल्ड यांनींच पुढें सांगितलें आहे कीं स्टुडिओला त्यांत अधिक थरार हवा होता, म्हणून त्यांनीं हम्फ्रे बोगार्टच्या हातीं पिस्तूल दिलें. चित्रपटांत पिस्तूल आहे, नाहीं असें नाहीं. पण ज्या कथेचें सारें मर्म एका माणसानें आपलें प्रेम हातचें सोडून देण्यांत आहे, ती त्या चित्रावरून गुन्हेगारांच्या पाठलागाची वाटते. शिवाय बोगार्टच्या भोंवतीं इतर नटांचे चेहरे कसे मांडले आहेत तें नीट पाहावें. तींहि तरंगणारीं मुंडकींच! आजच्या कारागिराला ज्या दोषाबद्दल संग्राहक शिव्याशाप देतात, तोच दोष ऐंशी वर्षांचा झाला कीं त्यास ते चौकट करून भिंतीवर लावतात.

म्हणून जुनें कीं नवें हा प्रश्नच आम्हांस गौण वाटतो. भित्तिपत्रकाचें काम रस्त्यानें जाणाऱ्या माणसाला एका संध्याकाळपुरतें आंत ओढण्याचें होतें. डबीवरील चित्र घरांत वर्षानुवर्षें राहणार असतें. चित्रपट पाहण्यापूर्वीं तें दिसतें, तसेंच पाहून झाल्यावरहि दिसतें, आणि दुसऱ्या वेळीं त्याचा अर्थ वाढला पाहिजे. ही कसोटी लावली म्हणजे कांहीं जुनीं चित्रें सहज उतरतात. 'व्हर्टिगो'साठीं (१९५८) सॉल बास यांनीं काढलेलें नारिंगी भूमीवरील भोंवऱ्याचें चित्र त्यांपैकीं एक होय. परंतु पुष्कळदां योग्य चित्र चित्रपटाच्या पोटांतच दडलेलें असतें आणि तें कोणी शोधीत नाहीं. कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'मध्यें (१९५४) गांवाच्या रक्षणास आलेल्यांपैकीं एकजण निशाण रंगवितो: सहा सामुराईंचीं सहा वर्तुळें, सामुराई म्हणवून घेणाऱ्या किकुचियोसाठीं एक त्रिकोण, आणि त्याखालीं शेतकऱ्यांसाठीं एक अक्षर. निशाण रंगविणाराच पुढें मारला जातो, आणि त्याच्या मृत्यूनंतर किकुचियो तें निशाण छपरावर नेऊन रोवतो. चित्रपट न पाहिलेल्यास हीं चिन्हें कोडें घालतील. पाहिलेल्यास तीं पुनः दिसतांच गहिंवर येईल. तलवार उगारलेल्या नटाच्या छायाचित्रांत ही शक्ति नाहीं.

या बाबतींत सत्यजित राय यांचें उदाहरण आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटतें. राय हे चित्रपटकार होण्यापूर्वीं जाहिरात-संस्थेंत चित्रकार होते आणि कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेससाठीं मुखपृष्ठें करीत. विभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली'ची मुलांसाठीं केलेली संक्षिप्त आवृत्ति त्यांच्याकडे सजावटीस आली. तीं चित्रें काढतांना ती कथा त्यांच्या मनांत ठसली आणि १९५५ सालीं तिचा चित्रपट झाला. म्हणजे येथें चित्रपटानंतर वेष्टन आलें नाहीं. पुस्तकाच्या सजावटींतून चित्रपट आला! पुढेंहि आपल्या पुष्कळ चित्रपटांचीं भित्तिपत्रकें त्यांनीं स्वतः काढलीं. 'देवी'च्या (१९६०) भित्तिपत्रकांत नायिकेचा चेहराच आहे, पण तो अर्धा उजळ आणि अर्धा काळोखांत. सासऱ्याच्या स्वप्नामुळें जिला देवी व्हावें लागलें त्या पोरीची सारी कथा त्या एका विभागणींत आली आहे. तेव्हां चेहरा छापला म्हणून वेष्टन वाईट ठरत नाहीं. आमच्या कोल्हापुरांतहि बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांचीं भित्तिपत्रकें स्वतः रंगवीत, हें येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. जेथें कृतीचा कर्ताच चित्रकार आहे, तेथें प्रकाशकानें आपली कल्पकता जरा आवरावी, एवढेंच आमचें म्हणणें.

अमेरिकेंतील क्रायटेरियन संस्थेनें हा विचार बराच केला आहे, आणि संग्राहकांचें तिच्यावरील प्रेम अकारण नाहीं. ती नव्या चित्रकारांकडून चित्रें काढवून घेते; त्यांतील कांहीं अतिशहाणीं असतात, पण आळशी क्वचितच. तिच्या तबकड्यांच्या पाठीवर क्रमांक असतो, आणि या क्रमांकानें मात्र मोठीच गंमत केली आहे. पहिला क्रमांक झाँ रेन्वार यांच्या 'ग्रँड इल्यूजन'चा (१९३७). मूळ निगेटिव्हवरून अधिक चांगली प्रत करतां यावी म्हणून ती तबकडी लांबणीवर पडली आणि १९९९ सालीं निघाली. तोंपर्यंत पुढल्या क्रमांकाच्या कितीतरी तबकड्या बाजारांत आल्या होत्या. कालांतरानें हक्क संपून ती दुर्मिळ झाली, आणि आरंभींच एक खांच राहिली म्हणून संग्राहक तळमळूं लागले. रेन्वारचा चित्रपट पाहावयास मिळत नाहीं ही तळमळ समजते. एकाचा आंकडा नाहीं ही तळमळ तिकिटें जमविणाऱ्या मुलाची आहे. असो.

डबीच्या रचनेविषयीं संग्राहकांचें मत आम्ही विनातक्रार स्वीकारतों. वॉर्नर ब्रदर्स कंपनी प्रारंभीचीं कित्येक वर्षें आपल्या तबकड्या पुठ्ठ्याच्या डबींत घालीत असे. एका कडेस प्लास्टिकची पट्टी आणि तिला चाप. पुठ्ठ्याचे कोपरे मुडपत, कडा झिजत, आणि चित्र जेथें घडी पडे तेथें पांढरें होई. सुमारें दहा वर्षांच्या आंत कंपनीनें ती पद्धत टाकली. त्याहून वाईट प्रकार मोठ्या संचांचा. मखमल लावलेली पेटी, त्यांत पुठ्ठ्याचे घट्ट खिसे, आणि तबकडी ओढून काढतांना दर वेळीं तिच्यावर ओरखडा! दागिन्याची पेटी म्हणून ती उत्तम असेल. परंतु ज्या वेष्टनानें आंतील वस्तूचाच नाश होतो त्याच्या शोभेची चर्चा आम्ही करूं इच्छीत नाहीं.

राहिली मागील बाजू. चित्राविषयीं तावातावानें बोलणारेहि हिच्याकडे पुरेसें लक्ष देत नाहींत, आणि आमच्या मतें खरें प्रामाणिकपण येथेंच कळतें. 'बेन-हर' (१९५९) हा उंचीच्या पावणेतीनपट रुंद चित्रीकरणाचा चित्रपट. तो जुन्या दूरचित्रवाणीच्या पडद्याएवढा कापून दिला तर निम्म्याहून अधिक चित्र बाहेर पडतें. तें तसें कापलें आहे कीं नाहीं, हें डबीवर स्पष्ट सांगितलें पाहिजे. तीच गोष्ट लांबीची. चित्रपट सेकंदास चोवीस चित्रांनीं धांवतो. युरोपांतील जुन्या पद्धतीच्या तबकड्यांत तो पंचवीसनें धांवतो. त्यामुळें शंभर मिनिटांचा चित्रपट शहाण्णव मिनिटांत संपतो आणि, विशेष उपाय केला नसेल तर, गायकाचा स्वरहि किंचित चढतो. मागील बाजूस छापलेल्या मिनिटांच्या आंकड्यावरून जाणता संग्राहक हें ओळखतो; अजाण गिऱ्हाईक कांहींतरी गाळलें असेल म्हणून उगीच हळहळतें.

आपल्याकडे २००७ सालच्या सुमारास मोझर बेअर कंपनीनें डी.व्ही.डी. अवघ्या चौतीस रुपयांस विकण्यास काढली, तेव्हां कितीतरी मध्यमवर्गीय घरांत जुने चित्रपट प्रथमच मालकीचे होऊन आले. इतक्या स्वस्त वस्तूकडून चित्रकलेची अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. परंतु आपल्याकडील कितीतरी तबकड्यांवर, स्वस्त आणि महाग दोन्ही, चित्रपटाचें सालहि सांपडत नाहीं, आणि यास पैसे पडत नाहींत. प्रभातनें 'कुंकू', 'माणूस' आणि 'शेजारी' हे चित्रपट मराठीबरोबर हिंदींतहि निराळे काढले होते. 'शेजारी'मध्यें (१९४१) गजानन जागीरदार मिर्झा झाले आहेत आणि त्यांचा हिंदु शेजारी केशवराव दाते; हिंदी 'पडोसी'मध्यें जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदु शेजाऱ्याची भूमिका मझहर खान यांनीं केली. दोन भिन्नधर्मीय मित्रांच्या या कथेंत मुसलमानाचें काम हिंदु नटानें आणि हिंदूचें काम मुसलमान नटानें करावें, ही शांतारामांची योजना ज्यास पाहावयाची असेल, त्यानें हिंदी तबकडीच घेतली पाहिजे. आणि हें त्यास दुकानांतच कळावें यासाठीं डबीच्या मागील बाजूस दोन ओळी पुरतात.