एका गायकाची साक्ष आणि तिचे श्रोते

एखाद्या प्रसिद्ध कलावंताने ख्रिस्तावरील श्रद्धा जाहीर केली, की ख्रिस्तसभेत आनंद पसरतो. आणि तो पसरावा हे स्वाभाविकच आहे. परंतु त्या आनंदात आपण त्या कलावंताचे म्हणणे ऐकतो, की केवळ त्याचे नाव आपल्या बाजूला मोजून घेतो, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. अमेरिकन रॉक गायक-कवी बॉब डिलन यांची ‘स्लो ट्रेन कमिंग’ ही ध्वनिमुद्रिका आणि तिचे झालेले स्वागत यांचा विचार आम्ही येथे या प्रश्नाच्या अनुरोधाने करणार आहोत.

ही ध्वनिमुद्रिका ऑगस्ट 1979 मध्ये प्रसिद्ध झाली. डिलन तेव्हा 38 वर्षांचे होते आणि ही त्यांची 19वी स्टुडिओ ध्वनिमुद्रिका होती. यहुदी कुटुंबात जन्मलेल्या आणि एका संपूर्ण पिढीच्या बंडखोरीचा आवाज मानल्या गेलेल्या या कवीने 1979च्या आरंभी कॅलिफोर्नियातील ‘व्हिनयार्ड’ या ख्रिस्ती मंडळीत काही महिने बायबलचा अभ्यास केला होता. त्या अभ्यासातून आलेली नऊ गीते अलाबामातील मसल शोल्स स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली. निर्माते होते जेरी वेक्सलर आणि बॅरी बेकेट. गिटारवर ‘डायर स्ट्रेट्स’चे मार्क नॉफ्लर होते. वेक्सलर यांनी पुढे सांगितलेली एक आठवण बोधप्रद आहे. डिलन यांनी त्यांना ख्रिस्ताविषयी सांगू पाहिले, तेव्हा आपण बासष्ट वर्षांचे पक्के यहुदी नास्तिक आहोत असे सांगून त्यांनी तो विषय संपविला, आणि मग दोघे कामाला लागले. ध्वनिमुद्रिकेतील वादन अतिशय नेटके व समर्थ आहे, हे तिच्या विरोधकांनीही नाकारले नाही.

स्वागत मात्र दुभंगलेले होते. ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाचे संपादक यान वेनर यांनी स्वतः परीक्षण लिहून तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. अमेरिकेच्या खपाच्या यादीत ती तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली, आणि तिच्यातील पहिल्या गीताच्या गायनासाठी डिलन यांना 1980 मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. उलटपक्षी, नोव्हेंबर 1979 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड नाट्यगृहात त्यांनी जुनी गीते पूर्णपणे वगळून केवळ नवी भक्तिगीते गायिली, तेव्हा श्रोत्यांतून निषेधाचे सूर उठले आणि वृत्तपत्रांनी कठोर टीका केली. पहिल्या गीताला उत्तर म्हणून जॉन लेनन यांनी 1980 मध्ये एक उपहासगीतही रचले.

या टीकाकारांपैकी ग्रील मार्कस यांचा आक्षेप आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. डिलन यांच्या जुन्या गीतांतही बायबल होतेच; पण तेथे ते शोधाचे साधन होते, आता मात्र दुसऱ्याने तयार करून दिलेले सिद्धांत ते श्रोत्यांच्या हाती ठेवीत आहेत, असा त्या आक्षेपाचा आशय होता. यावर चिडण्यापूर्वी आपण थांबून विचार केला पाहिजे. आपला विश्वास हा मिळालेलाच विश्वास आहे. संत पौलही करिंथकरांना, आपल्याला जे सोपविण्यात आले तेच आपण पुढे सोपविले, असे सांगतो (1 करिंथ 15). तेव्हा सत्य ‘मिळालेले’ असणे हा दोष नव्हे. परंतु यहेज्केलाला गुंडाळी नुसती वाचून दाखवावयाची नव्हती, आधी ती खावयाची होती (यहेज्केल 3). मिळालेले सत्य वक्त्याच्या रक्तमांसात उतरले आहे की नाही, ही खरी कसोटी होय. आणि त्या कसोटीवर ही नऊ गीते एकसारखी उतरत नाहीत.

शीर्षकाची आगगाडी ज्या गीतातून येते ते ‘स्लो ट्रेन’ पाहावे. त्यात न्यायाची चाहूल आहे, देशातील ढोंगावर आसूड आहे. पण मध्येच परकीय तेलसम्राटांवरचा राग असा उसळतो, की आमोसाचा आवाज कोठे संपला आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख कोठे सुरू झाला हे कळेनासे होते. आमोसाने शेजारी राष्ट्रांचा न्याय सांगितला खरा, पण तेथेच न थांबता तो स्वतःच्या लोकांकडे वळला. अन्य काही गीतांत विश्वास न ठेवणाऱ्यांवर येणाऱ्या संकटाची भाषा अशा खात्रीने येते, की तिच्यामागे अश्रू दिसत नाहीत. त्या काळी अमेरिकेत हॅल लिंडसे यांच्या 1970च्या पुस्तकामुळे युगान्ताच्या भाकितांची जी लाट होती, तिचा हा परिणाम स्पष्ट आहे.

पहिल्या गीताचा, ‘गॉटा सर्व्ह समबडी’चा, विचार वेगळा करावा लागेल. मोठ्या-लहान अनेक पदांची नि व्यवसायांची यादी करीत ते सांगते, की माणूस कोणीही असो, कोणाचा तरी सेवक असतोच. यामागे यहोशवाचे आव्हान आहे, दोन धन्यांविषयीची प्रभूची शिकवण आहे, आणि रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय आहे. हे धर्मज्ञान अचूक आहे. तथापि पौल सहाव्या अध्यायात थांबत नाही. आठव्यात तो दास्याचा नव्हे, दत्तकपणाचा आत्मा सांगतो. ही ध्वनिमुद्रिका बहुतांशी सहाव्या अध्यायात राहते, आणि तिचा कोरडेपणा येथूनच येतो.

पण सर्वस्वी नाही. ‘आय बिलीव्ह इन यू’ या गीतात ज्याला दाराबाहेर काढले गेले असा एक एकाकी माणूस बोलतो. तो कोणाला धमकावीत नाही. आपल्याला सोडून जाऊ नये एवढेच देवाजवळ मागतो. येथे आवाज अडखळतो, चिरकतो, आणि स्तोत्रकर्त्याच्या विलापाशी त्याचे नाते जुळते. शेवटच्या ‘व्हेन ही रिटर्न्स’मध्ये सगळी वाद्ये बाजूला सारून केवळ पियानो उरतो, आणि न्यायाच्या दिवसाची गोष्ट सांगणारा गायक प्रथमच स्वतः त्या न्यायासमोर उभा राहिलेला ऐकू येतो. मार्कस यांच्या आक्षेपाला खरे उत्तर कोठे असेल तर या दोन गीतांत आहे.

1983 मध्ये ‘इन्फिडल्स’ आली, तिच्यात विषय बदललेले दिसले, आणि डिलन यांनी श्रद्धा सोडली काय, याची चर्चा दोन्ही बाजूंनी सुरू झाली. 2016 मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. 2017 मध्ये त्या वर्षांतील मैफलींची ध्वनिमुद्रणे ‘ट्रबल नो मोर’ या नावाने प्रसिद्ध झाली, आणि एकेकाळी हिणविलेल्या त्या गायनातील तेज अनेकांना नव्याने जाणवले. म्हणजे निंदकांनी श्रद्धा ऐकून गाणे नाकारले होते, आणि आपल्यापैकी अनेकांनी नाव ऐकून गाणे स्वीकारले होते. ऐकण्याचे राहिले ते दोघांचेही.

आम्हांला ही समीक्षा लिहिताना स्वतःचीच प्रवचने आठवली, हे कबूल केले पाहिजे. न्यायाविषयी आम्ही किती सहज बोलतो, आणि त्या न्यायाखाली स्वतःला उभे करून किती क्वचित! नवदीक्षिताला व्यासपीठावर उभे करून त्याच्याकडून साक्ष वदवून घेण्याची घाई आपल्या धर्मग्रामांतही होते. संत पौल दीक्षेनंतर अरबस्तानात गेला होता, हे आपण विसरतो (गलती 1). अशा माणसाला गुंडाळी पचविण्यास अवधी देणे, त्याचे अडखळणे ऐकून घेणे, आणि तो आपल्या अपेक्षेप्रमाणे बोलला नाही तरी त्याला परका न मानणे, हे धर्मगुरू व धर्मशिक्षक यांचे काम आहे. ही ध्वनिमुद्रिका वर्गात ऐकवावयाची झाल्यास शेवटच्या गीतापासून आरंभ करावा, अशी आमची सूचना आहे.