निरोधित स्मृतींची उपपत्ती
मज्जाविकृतीचे मूळ जाणिवेबाहेर लोटल्या गेलेल्या क्लेशकारक आठवणीत असते, असे प्रतिपादन करणारी मनोविश्लेषणाच्या प्रारंभकाळातील उपपत्ती. आठवण अशी जाणिवेबाहेर ठेवण्याच्या मानसिक क्रियेस ‘निरोधन’ म्हणतात. व्हिएन्नातील वैद्य योझेफ ब्रॉइअर (१८४२–१९२५) यांनी १८८०–८२ मध्ये ‘ॲना ओ.’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या तरुणीवर उपचार केले. लक्षण प्रथम उद्‌भवले तो प्रसंग तिने भावनेसह सांगितला, की ते ओसरते, असे त्यांनी नोंदविले. ब्रॉइअर व सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) यांनी उन्मादावरील ग्रंथात (१८९५) या अनुभवाला सिद्धांताचे रूप दिले. १८९६ मध्ये फ्रॉइड यांनी अठरा रुग्णांच्या आधारे, बालपणी झालेला लैंगिक अत्याचार हे उन्मादाचे मूळ कारण होय, असे मांडले. तथापि २१ सप्टेंबर १८९७ रोजी विल्हेल्म फ्लीस यांना लिहिलेल्या पत्रात त्यावरील आपला विश्वास उडाल्याचे कळविले. पुढे त्यांच्या विचारात घटनेपेक्षा इच्छा व कल्पना यांना अधिक महत्त्व आले.

निरर्थक वाटणाऱ्या लक्षणांनाही अर्थ असतो व तो रुग्णाच्या बोलण्यातून उलगडतो, ही दृष्टी या उपपत्तीने रुजविली. तिचा पुरावा मात्र दुर्बल होता. उपचार संपल्यावर १८८२ मध्येच ॲना ओ. हिला आरोग्यधामात ठेवावे लागले. ते प्रसंग आपल्याला आठवत आहेत असे रुग्णांना वाटत नसे, हे फ्रॉइड यांनीच नमूद केले आहे. आग्रहाने मिळविलेल्या कथनात स्मृती किती व वैद्याच्या सूचनेचा परिणाम किती, हे ठरविण्याचे साधन या पद्धतीत नव्हते. न घडलेल्या प्रसंगाची आठवणही सूचनेने निर्माण होऊ शकते, असे एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५ मधील प्रयोगात दिसून आले. उत्तरकालीन भूमिकेतील धोका याच्या उलट आहे : खऱ्या अत्याचाराची तक्रारही कल्पना ठरू शकते. दोन्ही बाबतींत निर्णय विश्लेषकाच्याच हाती राहतो.

भारतात गिरींद्रशेखर बोस यांनी निरोधनावर १९२१ मध्ये प्रबंध लिहिला व परस्परविरोधी इच्छांच्या आधारे त्याची स्वतंत्र मीमांसा केली. मराठीत बा. सी. मर्ढेकर यांच्या रात्रीचा दिवस (१९४२) या कादंबरीने संज्ञाप्रवाहाचे तंत्र योजिले. ललितकृतीतील आठवण प्रत्यक्षात घडलेली असावी लागत नाही. न्यायालयात मात्र तिच्या खरेपणावर दोन व्यक्तींचे भवितव्य अवलंबून असते. म्हणून सांगणाऱ्याचे लक्षपूर्वक ऐकणे आणि स्वतंत्र पुरावा शोधणे, ही दोन्ही कर्तव्ये एकत्रच पाळावी लागतात.