बाजारवार्ता आणि वाचक

न्यूयॉर्कच्या ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मधील ‘हर्ड ऑन द स्ट्रीट’ या सदरांतील स्तुतिनिंदेनें शेअरांचे भाव हलत. त्याचे एक लेखक फॉस्टर विनन्स यांनीं १९८३-८४ मध्यें सुमारें २७ लेखांचा मजकूर दलालांस आगाऊ कळविला. दलालांनीं अदमासें ६,९०,००० डॉलर मिळविले. १९८७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा कायम केली, ती मुख्यतः पत्राच्या गुप्त मालमत्तेचा अपहार झाला म्हणून. पण लेख वाचून चढ्या भावानें शेअर घेणाऱ्या वाचकाचें काय? लेखांत फेरफार आढळला नाहीं, हें खरें. तथापि लेखकाचा स्वार्थ दडलेला असतां सत्य वाक्यही वाचकास फसवितें. आमच्या मतें अर्थविषयक लेखनाची पहिली कसोटी शैली किंवा आंकडे ही नव्हे; त्यांत लेखकाचा स्वतःचा पैसा किती गुंतला आहे, हें त्यानें आधीं सांगणें, ही होय.